ताऱ्याच्या कमरेचा दोर

काय करता, असं कोणी विचारलं की मी सांगतो, रात्र शिवतो. समोरचा माणूस शहाणा असेल तर विषय बदलतो. नसेल तर विचारतो, "म्हणजे नाईट ड्रेस का?"

आम्ही मैसूरच्या अग्रहारातले शिंपी. किती पिढ्यांपूर्वी इथे आलो ते घरात कोणालाच नक्की ठाऊक नाही. येताना विठोबा बरोबर आणला, मराठीही आणली, आणि तिच्यात कन्नड इतकं मुरलं की पुण्याहून आलेला पाहुणा आमच्याकडे दोन दिवस राहिला तर तिसऱ्या दिवशी घाबरून इंग्रजीत बोलायला लागतो. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, दुकान शाळेच्या गणवेशांचं. मी खिसे शिवत मोठा झालो. खिसा हा असा भाग आहे की नीट शिवला तर कोणाच्या लक्षात येत नाही आणि चुकला तर त्यातून सगळं सांडतं. माझे सांडायचे.

गावातल्या एका विज्ञानप्रेमी मंडळाकडे हवा भरून फुगवायचा तारांगणाचा तंबू होता. तो फाटला. कापडाची वस्तू म्हणून तो आमच्या दुकानात आला. भोक कुठे आहे ते शोधायला मी आत शिरलो, आणि आता सगळं ठीक चालतंय का ते पाहायला मंडळाच्या लोकांनी आत आकाश लावलं. मंडळाची माणसं अजून म्हणतात की तंबू परत आला तेव्हा त्याच्याबरोबर शिंपीही आला. अण्णा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आपण आजवर माणसं झाकली. तू आता शाळा झाक."

पुढे माझा तंबू मी स्वतः शिवला आणि शाळाशाळांतून आकाश दाखवत फिरू लागलो. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. परकराच्या कळ्या कापतात तशा मोठमोठ्या कळ्या कापायच्या, एकमेकींना जोडायच्या, की अर्ध्या नारळासारखा घुमट होतो. बाहेरून काळा, आतून पांढरा. एका बाजूने मोठा पंखा हवा भरत राहतो, दुसऱ्या बाजूला रांगत जायची बोगद्यासारखी वाट. मध्यभागी प्रोजेक्टर आणि एक फुगीर आरसा. पंखा बंद पडला की आकाश हळूहळू लोकांच्या डोक्यावर येऊन बसतं. बन्नूरच्या शाळेत वीज गेली तेव्हा ते सबंध सातवीच्या वर्गावर बसलं. मी आतून ओरडत होतो, "घाबरू नका." मुलं मुळीच घाबरली नव्हती. ती म्हणत होती, "सार, परत एकदा पाडा."

सर्वांत पहिला प्रयोग आठवला की अजून कानशिलं गरम होतात. घुमट फुगला, आकाश लागलं, आणि मी व्याध दाखवत असताना एका मुलीने विचारलं, "सार, ही ताऱ्यांची सरळ रेघ कसली?" मी वर पाहिलं. खरोखरच खालपासून टोकापर्यंत बारीक ताऱ्यांची एक रेघ. तिच्या शेजारी दुसरी. तिसरी. मी कळ्यांना जाडजूड सुईने शिवण घातली होती आणि हॉलच्या खिडक्यांमधलं ऊन त्या सुईच्या भोकांतून आत येत होतं. हे कबूल करणारा माणूस मोठा. मी म्हणालो, "ते सुई नावाचं नक्षत्र आहे." बाईंनी ते वहीत लिहून घ्यायला लावलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली, "सुम्ने खोटं बोलण्यापेक्षा आतून पट्टी लाव." सुम्ने म्हणजे उगाच. मी पट्टी लावली. नक्षत्र नाहीसं झालं. त्या शाळेत मात्र ते अजून शिकवत असतील.

सगळ्यांत मागणी असलेला माझा प्रयोग म्हणजे शेजारच्या ताऱ्याचे ग्रह. मराठीत एका ताऱ्याला फार चांगलं नाव आहे, मित्र. नरतुरंग या तारकासमूहातला हा झगझगीत तारा उन्हाळ्यात आमच्याकडून दक्षिणेला, नंजनगूडच्या दिशेला, खालच्या अंगाला दिसतो. पुण्याच्या पाहुण्यांना त्यासाठी टेकडी गाठावी लागते. आम्हाला मोकळी गच्ची पुरते. या मित्राच्या संगतीत एक लहानसा, लालसर, मिणमिणता तारा आहे. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा तोच. आणि गंमत अशी, की तो नुसत्या डोळ्यांनी कोणालाच दिसत नाही. सगळ्यांत जवळचा शेजारी, आणि तोच अदृश्य. जवळचा म्हणजे किती? त्याच्याकडून निघालेला उजेड इथे पोचायला चार वर्षांहून जास्त लागतात. या ताऱ्याभोवती ग्रह फिरतात. त्यातला एक साधारण आपल्या पृथ्वीच्या वजनाचा, किंवा थोडा जास्त, आणि त्याचं वर्ष अकरा दिवसांचं. तो ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की बहुधा एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते. म्हणजे अर्ध्या ग्रहावर कायम दिवस, अर्ध्यावर कायम रात्र. माझा धंदा अर्ध्याच ग्रहावर चालेल.

बन्नूरला अकरा दिवसांचं वर्ष ऐकून गणिताचे सर गंभीर झाले होते. म्हणाले, "दहा दिवस दसरा. उरलेल्या एका दिवसात सिलॅबस कसा संपवायचा?"

या प्रयोगात मी एक चित्र दाखवायचो. निळा समुद्र, काळे खडक, आकाशात मोठाला लाल सूर्य. चित्र कुण्या चित्रकाराने कल्पनेने काढलेलं. मुलं श्वास रोखायची. कोणी विचारलंच की हा फोटो कोणी काढला, तर मी "मोठ्या दुर्बिणीतून" असं पुटपुटून पुढे सरकायचो. समुद्र आहे की नाही, हवा तरी आहे की नाही, कोणाला ठाऊक नाही. पण श्वास रोखलेल्या मुलांना असं सांगवत नाही.

आता त्या दिवसाकडे येतो.

माझी एक पद्धत आहे. शाळेतून फोन आला की मी तीनच गोष्टी विचारतो. हॉलचं छत किती उंच? प्लग कुठे? मध्ये खांब आहेत का? तिन्ही उत्तरं बरोबर आली की मी तारीख देतो आणि फोन ठेवतो. त्या उन्हाळ्यात सरोजम्मा नावाच्या बाईंचा फोन आला. त्या एका मुलींच्या शाळेच्या वॉर्डन होत्या. छत उंच, प्लग भिंतीला, खांब नाहीत. उत्तम.

गेलो. जेवणाचा हॉल रिकामा करून ठेवला होता. मी तंबू पसरला, पंखा लावला, घुमट उभा राहीपर्यंत माझी पाठ दाराकडे होती. मागे मुली जमल्याची कुजबूज ऐकू आली. मी पाठमोराच नेहमीचं भाषण सुरू केलं. "आत काळोख असेल. अजिबात घाबरायचं नाही. एकमेकींचे हात धरा."

हॉलभर हशा पिकला. मी वळलो. मुली रांगेत उभ्या होत्या, प्रत्येकीचा हात पुढचीच्या खांद्यावर. कोणाचेही डोळे माझ्याकडे नव्हते. रांगेत सर्वांत पुढची उंच मुलगी म्हणाली, "सार, काळोखाची सवय आहे ना तुम्हाला? नसली तर सांगा, आम्ही तुमचा हात धरतो."

मी सरोजम्मांना बाजूला घेतलं. "अम्मा, ही अंध मुलींची शाळा आहे, तुम्ही बोलला नाहीत."

"तुम्ही छताबद्दल विचारलंत," त्या शांतपणे म्हणाल्या. "प्लगबद्दल विचारलंत. खांबांबद्दल विचारलंत. मुलींबद्दल कुठे विचारलंत?"

इतक्या वर्षांत मला कोणी इतकं नेमकं शिवलं नव्हतं.

पंख्यात बिघाड झालाय असं सांगून पळावं, हा विचार माझ्या मनात आला. पंखा शेजारी घोंघावत होता, त्यामुळे जमेना. तेवढ्यात हॉलच्या कोपऱ्यात बसलेला एक माणूस दिसला. गुडघ्यावर कापडी पिशवी, तिच्यातून स्टीलचा डबा डोकावत होता. सरोजम्मा हळू आवाजात म्हणाल्या, "तो गौरीचा बाप, सिद्धराजू. पिरियापट्टणकडे तंबाखूच्या भट्टीवर असतो. तिला घेऊन जायला आलाय. दुपारच्या बसने." गौरी म्हणजे ती पुढची उंच मुलगी. नुकतीच तिची दहावीची परीक्षा झाली होती. तिला अकरावीला विज्ञान घ्यायचं होतं. सरोजम्मांनी एका कॉलेजशी बोलून ठेवलं होतं. तिथले लोक नको म्हणत नव्हते, फक्त वडील बरोबर या म्हणत होते. आणि बाप नेमका त्यालाच तयार नव्हता.

सिद्धराजू ते ऐकत होता. उठून जवळ आला. माणूस मवाळ, आवाज चढवणारा नव्हे. म्हणाला, "सार, मी भट्टीला बसतो. काचेच्या नळीतली गर्मी बघावी लागते, पानाचा रंग बघावा लागतो. नजर जरा हलली की सगळा माल करपून जातो. सायन्स म्हणजे तेच ना? बघणं. ही गाते चांगली. गावात देवळात गाईल. तिथे तिला कोणी हसणार नाही."

"अप्पा, मी ऐकतेय," गौरी रांगेतून म्हणाली.

"ऐकायलाच सांगतोय."

यात मी मध्ये पडावं असं काही नव्हतं. मी शिंपी. मी म्हणालो, "चला, आत चला."

मुली बोगद्यातून रांगत गेल्या, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने. मी अर्ध्या वाटेत अडकतो, माझ्या पोटाचा घेर घुमटाशी स्पर्धा करतो. आत येऊन पाहतो तर कोणी बसलं नव्हतं. त्या भिंतीवरून हात फिरवत होत्या, चुटक्या वाजवत होत्या, टाळी वाजवून आवाज कुठून परत येतो ते ऐकत होत्या. एक छोटी बरोबर मध्यभागी येऊन थांबली आणि म्हणाली, "इथे आवाज डोक्यावर पडतो." घुमटाचा मध्य सापडायला मला पहिल्या वेळी टेप लागली होती.

आणि मग, सवय म्हणून, मी प्रयोग सुरू केला. प्रोजेक्टर लावला, घसा साफ केला आणि म्हणालो, "आता वर बघा." दोनदा म्हणालो. निळा समुद्र, काळे खडक, लाल सूर्य, सगळं मी मन लावून वर्णन केलं. मुली शिस्तीने ऐकत होत्या. सभ्य माणसं कंटाळली की असंच ऐकतात.

गौरीने विचारलं, "सार, हे सगळं तुम्ही बघितलंत?"

"मी नाही."

"मग कोणी?"

आजवर हा प्रश्न मी अंधारात सहज टाळत आलो होतो. या अंधारात टाळता आला नाही. "कोणीच नाही," मी म्हणालो. "तो ग्रह आजपर्यंत कुठल्याच माणसाला दिसलेला नाही. दुर्बिणीतूनसुद्धा नाही. हे चित्र कल्पनेचं आहे."

"मग इतका वेळ वर बघा, वर बघा काय चाललं होतं?"

मुली पुन्हा हसल्या. माझ्याही तोंडून हसू फुटलं, आणि मी प्रोजेक्टर बंद केला. त्याच्या पंख्याची घरघर थांबल्याबरोबर कोणीतरी "अब्बा", म्हणजे हुश्श, म्हणून सुस्कारा सोडला.

"मग तो आहे हे कळलं कसं?" गौरी म्हणाली. आता तिचा आवाज चेष्टेचा नव्हता.

तंबू ताणायला माझ्याकडे दोर असतो. त्याचं एक टोक मी स्वतःच्या कमरेला बांधलं. "मी तारा," मी म्हणालो. पाय जुळवून ताठ उभा राहिलो. दुसरं टोक एका दांडग्या मुलीच्या हातात दिलं आणि तिला म्हणालो, "तू ग्रह. दोर ताणून माझ्याभोवती फिर." तिने असा हिसका दिला की तारा आडवा झाला. खाली प्रोजेक्टर होता. त्याला काही झालं नाही, माझ्या कोपराला झालं. मग मी सूचना बदलली. हळू फिर, पण दोर सैल सोडू नकोस. बाकीच्यांनी माझ्या पाठीला, खांद्याला, पोटाला तळवे लावले. पोटाला जागा भरपूर होती.

ती फिरू लागली आणि मी डुलू लागलो. ती पुढे आली की पुढे, मागे गेली की मागे. "ग्रह दिसत नाही," मी म्हणालो, "पण तारा डुलतो. ग्रह ताऱ्याला ओढतो, जसा तारा ग्रहाला. हलका ग्रह, बारीक डुलणं. जवळचा ग्रह, भराभर डुलणं. तारा आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या उजेडाचा रंग किंचित बदलतो, दूर जातो तेव्हा उलट बदलतो. रस्त्यावर रिक्षा हॉर्न वाजवत येते आणि पुढे निघून जाते तेव्हा आवाज बदलतो ना, तसं." हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिघीचौघींनी लगेच हॉर्न काढून दाखवला, येणारा आणि जाणारा.

"तो खरा तारा किती जोरात डुलतो?" त्या छोटीने विचारलं.

हे उत्तर मला पाठ होतं, पण याआधी मी ते कधी कानांनी ऐकलं नव्हतं. "माणूस चालतो तेवढ्या वेगाने," मी म्हणालो. "चार वर्षांहून जास्त काळ उजेड धावतो एवढ्या लांबवरून माणसांनी ओळखलं, की तो तारा चालण्याच्या वेगाने थोडा पुढे येतोय, थोडा मागे जातोय. आणि अकरा दिवसांनी परत तेच."

 छोटीने माझ्या पोटावरचा हात काढला आणि ती चालून पाहू लागली. भिंतीला हात लावून एक फेरी. तिच्यामागे दुसरी निघाली. हळूहळू जवळजवळ सगळ्याच एकमेकींच्या मागे घुमटाच्या कडेने चालू लागल्या, पावलं मोजून पाहिल्यासारख्या. "एवढ्या वेगाने?" एकीने विचारलं. "एवढ्याच," मी म्हणालो. हजारो मुलांना मी ताऱ्यांचे आकडे सांगितले आहेत. त्यांनी तोंडाचे चंबू केले आणि ती विसरून गेली. या मुली तो आकडा चालून पाहत होत्या. मध्ये दोर बांधून उभा असलेला मी, माझ्या अंगावर शहारे आले, आणि पाठीला हात लावून उभ्या असलेल्या गौरीला ते कळले असणार.

ती फिरली नाही. तिने माझी पाठ सोडली नव्हती. म्हणाली, "सार, आता मला न सांगता बदला."

मी दुसरा दोर बांधला आणि दोघींच्या कानात सांगून त्यांना फिरवलं, एक जवळून भराभर, एक लांबून सावकाश. गौरीने मान वाकडी केली. "गोंधळ होतोय. नाही, थांबा, गोंधळ नाही. दोन आहेत. एक लवकर येते, एक उशिरा. दोघी एकाच बाजूला आल्या की तुम्ही जास्त झुकता." त्या लाल ताऱ्याच्या डुलण्यात शास्त्रज्ञांनाही असाच आणखी एक हलका ग्रह सापडला आहे, आणि हे मी त्यांना अजून सांगितलंच नव्हतं.

बोगद्याच्या तोंडाशी खोकल्याचा आवाज आला. सिद्धराजू किती वेळ तिथे उकिडवा बसला होता कोणास ठाऊक. बाहेरचा थोडा उजेड त्याच्या मागून आत येत होता.

"सार, तुम्ही तिला कोपर मारून सांगितलंत," तो म्हणाला. भांडायला नव्हे. त्याला खरोखर तसं वाटलं होतं.

"मी बांधलेला आहे," मी म्हणालो.

तो आत आला. त्याने ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली, चपला काढून बाजूला ठेवल्या, आणि दोन्ही मुलींच्या हातांतून दोर अलगद काढून घेतले. एक सोडून दिला. दुसरा मुठीत गुंडाळून चालू लागला. पंख्याच्या घोंघाटात त्याच्या अनवाणी पावलांचा आवाज कोणालाही आला नसता. मलाही येत नव्हता. मला फक्त ओढ कळत होती. बाहेरून सरोजम्मांनी हाक मारली, "सिद्धराजू, बसची वेळ होतेय." तो थांबला नाही. 

गौरीचे दोन्ही तळवे माझ्या पाठीवर सपाट होते. "एकच आहे आता," ती म्हणाली. "जड आहे. दोर खालून ओढला जातोय, म्हणजे हात खाली धरलाय. फिरणं सावकाश." ती थबकली. "सार, हा ग्रह नीट नाही. एक ओढ मोठी येते, एक छोटी. मोठी, छोटी. फेरीला नाही, पावलाला."

मी त्या माणसाच्या पायांकडे पाहिलं. तोवर पाहिलं नव्हतं. डावा पाय तो किंचित ओढत होता. भट्टीच्या आत तंबाखूची पानं बांधलेल्या काठ्या टांगायला आडव्या बांबूंवर चढतात, तिथून तो पूर्वी कधीतरी पडला होता, हे मला पुढे कळलं. आपल्या लंगडण्याची चिठ्ठी दोरावरून माझ्या कमरेत, कमरेतून त्या मुलीच्या तळव्यांत जातेय, याची त्याला कल्पना नव्हती. तो जपून, सरळ चालण्याचा प्रयत्न करत होता.

 गौरीची बोटं माझ्या सदऱ्यात रुतली. मग अगदी हळू म्हणाली, "अप्पा?"

दोर सैल पडला. तो उभा राहिला होता.  मी तर तारा, मला बोलायची परवानगी नव्हती.

"थांबू नकोस," गौरी म्हणाली. "चाल. मला अजून वजन काढायचंय."

त्याने दोर पुन्हा मुठीत गुंडाळला. मोठी ओढ, छोटी ओढ. बाहेरून सरोजम्मांनी बसबद्दल परत विचारलं. तेव्हा तो चालता चालताच म्हणाला, "जाऊ दे ती बस, अक्का. त्या कॉलेजात कोणाला भेटायचं ते सांगा, मी उद्या..."

"अप्पा, बोलू नकोस," गौरी म्हणाली. "बोललास की पाऊल चुकतं."